वतन वाटून देणारा यहोशवा

यहोशवाचे नाव उच्चारले की लहानथोरांच्या डोळ्यांपुढे यरीहोचा कोट, रणशिंगांचा नाद व कोसळणाऱ्या भिंती उभ्या राहतात. परंतु ज्या ग्रंथास त्याचे नाव मिळाले आहे तो उघडून पाहिला असता असे दिसून येते की, त्याच्या २४ अध्यायांपैकी युद्धाची हकीकत पहिल्या १२ अध्यायांतच आटोपते. तेराव्या अध्यायापासून एकविसाव्यापर्यंत गावे, ओढे, डोंगर व सीमा ह्यांचीच नावे एकामागून एक येत राहतात. वाचक तेथे कंटाळतो, पाने उलटतो आणि एकदम शेवटच्या उपदेशाकडे वळतो. आम्हांस मात्र असे वाटते की, ह्या पुरुषाचा खरा मोठेपणा त्या कंटाळवाण्या पानांतच साठविलेला आहे. लढाई जिंकणारे सेनापती जगाच्या इतिहासात पुष्कळ झाले. हाती आलेली भूमी वाटून देताना स्वतःच्या घराकडे न पाहणारे थोडेच झाले. म्हणून ह्या अंकात विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे यहोशवाचे चरित्र त्याच दृष्टीने मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

यहोशवा हा एफ्राईम वंशातील नून ह्याचा पुत्र. त्याचे मूळचे नाव होशेया. पुढे मोशेने ते बदलून यहोशवा असे ठेविले. परमेश्वर तारण करितो, असा त्या नावाचा अर्थ आहे. इस्राएल लोक मिसर देशात दास्यात असताना त्याचा जन्म झाला. विटा पाडावयाच्या, दुसऱ्याची कोठारे बांधावयाची आणि स्वतःची म्हणून हातभर जमीन नाही, अशा लोकांत तो वाढला. पुढे ज्याच्या हातून एका संपूर्ण राष्ट्राचे जमिनीचे वाटप व्हावयाचे होते, तो बाळपणी भूमिहीन दासाचा मुलगा होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

मिसरातून निघाल्यावर थोड्याच दिवसांनी रफीदीम येथे अमालेकी लोकांनी इस्राएलांवर हल्ला केला. त्या प्रसंगी मोशेने सैन्याचे आधिपत्य यहोशवाकडे दिले. मोशे टेकडीवर हात उंचावून उभा राहिला व यहोशवा खाली मैदानात लढला. पुढे सीनाय पर्वतावर मोशे चढून गेला तेव्हा हाच तरुण सेवक म्हणून त्याजबरोबर होता. दर्शनमंडपातून मोशे छावणीत परत जाई, परंतु यहोशवा तेथून हलत नसे, असे शास्त्र सांगते. अधिकार हाती येण्यापूर्वी पुष्कळ वर्षे त्याने दुसऱ्याच्या हाताखाली सेवा केली. चांगला धनी व्हावयाचे असेल तर प्रथम चांगला सेवक व्हावे लागते, हा नियम त्याच्या चरित्रात स्पष्ट दिसतो.

त्याच्या धैर्याची कसोटी रणांगणापेक्षाही सभेत अधिक लागली. कनान देश हेरण्यासाठी प्रत्येक वंशातून एक असे १२ पुरुष पाठविण्यात आले. त्यांनी ४० दिवस तो देश पाहिला व एक द्राक्षांचा घोस दोघांनी काठीवर वाहून आणिला. देश सुपीक आहे ह्याविषयी सर्वांचे एकमत होते. परंतु तेथील लोक धिप्पाड व नगरे तटबंदीची आहेत असे सांगून दहा जणांनी लोकांचा धीर खचविला. यहूदा वंशातील कालेब व एफ्राईम वंशातील यहोशवा हे दोघेच उलट बोलले. लोक इतके खवळले की त्या दोघांस दगडमार करावा असे म्हणू लागले. तरी त्यांनी आपले म्हणणे फिरविले नाही. त्या पिढीला ४० वर्षे अरण्यात फिरावे लागले व जे प्रौढ मिसरातून निघाले होते त्यांपैकी हे दोघेच कनानात पोहोचले.

मोशेच्या मृत्यूनंतर सर्व भार यहोशवावर आला. यार्देन नदी उतरून गिलगाल येथे तळ देणे, यरीहो व आय ही नगरे घेणे, दक्षिणेकडील व उत्तरेकडील राजांशी लढणे, हे प्रसंग वाचकांस ठाऊक आहेत. त्यांचा विस्तार आम्ही करीत नाही. एवढे मात्र सांगितले पाहिजे की, ह्या युद्धांतील संहाराची वर्णने वाचताना आजच्या सुबुद्ध वाचकाचे मन कचरते व ते कचरावे हेच योग्य आहे. त्या भूमीत पूर्वीपासून लोक राहत होते, त्यांचीही शेते, विहिरी व लेकरे होती. इतिहाससंशोधकांनीही ह्या कथेविषयी पुष्कळ विचार केला आहे. यरीहो येथे १९५२ ते १९५८ ह्या काळात कॅथलीन केनियन ह्या विदुषींनी उत्खनन केले, तेव्हा ज्या काळी यहोशवा होऊन गेला असे बहुधा मानतात त्या काळच्या मोठ्या तटबंदीचा पुरावा मिळाला नाही. उलट उत्तरेकडील हासोर येथे १९५५ पासून झालेल्या उत्खननात ख्रिस्तपूर्व तेराव्या शतकात ते नगर जळून नष्ट झाल्याच्या खुणा सापडल्या. मिसरच्या मर्नेप्ताह राजाचा एक शिलालेख १८९६ मध्ये सापडला. त्यात ख्रिस्तपूर्व १२०८ च्या सुमारास इस्राएल नावाचे लोक कनानात असल्याचा उल्लेख आहे. तात्पर्य, हे लोक तेथे कसे स्थायिक झाले ह्याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु स्थायिक झाल्यावर त्यांनी जमिनीविषयी कोणता नियम आपल्यापुढे आदर्श म्हणून ठेविला, हे त्या ग्रंथावरून स्वच्छ कळते. आम्हांस येथे त्याच नियमाशी कर्तव्य आहे.

यहोशवा वृद्ध झाला तेव्हा वाटपाचे काम त्याच्यापुढे आले. त्याची व्यवस्था पूर्वीच ठरलेली होती. याजक एलाजार, यहोशवा व वंशांचे सरदार ह्यांनी मिळून वाटप करावयाचे. ज्या वंशाची माणसे अधिक त्यास अधिक भूमी व ज्याची कमी त्यास कमी द्यावयाची. परंतु कोणाचा भाग कोणत्या दिशेला हे चिठ्ठ्या टाकून ठरवावयाचे. ह्या दोन गोष्टींचा मेळ किती शहाणपणाचा आहे तो पाहा. गरजेप्रमाणे मोठा किंवा लहान वाटा मिळावा म्हणून शिरगणती केली, आणि चांगली जमीन आपल्या माणसास व खडकाळ जमीन परक्यास असा पक्षपात होऊ नये म्हणून चिठ्ठी टाकिली. रऊबेन, गाद व मनश्शेचा अर्धा वंश ह्यांस यार्देनेच्या पूर्वेस पूर्वीच वाटा मिळाला होता. राहिलेल्यांची वाटणी पश्चिमेस व्हावयाची होती.

सीमा कशा सांगितल्या आहेत हे पाहण्याजोगे आहे. यहूदा वंशाची दक्षिण सीमा क्षारसमुद्राच्या टोकापासून निघते, विंचवांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अक्रब्बीम घाटाने चढते, कादेश-बर्ण्याच्या दक्षिणेने जाऊन मिसरच्या ओढ्याने महासमुद्रास मिळते. उत्तर सीमा यार्देनेच्या मुखापासून बोहनाच्या धोंडेवरून, अदुम्मीमच्या चढणीने, एन-रोगेल झऱ्याजवळून, हिन्नोमाच्या खोऱ्याने यरुशलेमेच्या दक्षिण बाजूस लागून पश्चिमेकडे जाते. झरा, धोंड, घाट, ओढा अशा ह्या खुणा आहेत. गुराख्याच्या मुलालाही त्या ओळखता येतील. सीमा मनमानी नव्हती, सर्वांच्या डोळ्यांना दिसणारी होती. म्हणून ती रातोरात सरकविणे कठीण होते.

ह्या नावांपैकी कित्येक आजही शोधता येतात. एडवर्ड रॉबिन्सन हा अमेरिकन पंडित १८३८ मध्ये त्या देशात फिरला, तेव्हा तेथील शेतकऱ्यांच्या अरबी बोलीत जुनी गावनावे थोड्या फरकाने टिकून असल्याचे त्यास आढळले. सेलून ह्या ओसाड स्थळाच्या नावावरून त्याने प्राचीन शिलो ओळखले. पुढे १८७१ ते १८७७ ह्या वर्षांत इंग्रजांनी पश्चिम पॅलेस्टाइनची मोजणी करून एका मैलास एक इंच ह्या प्रमाणाचा २६ पत्रकांचा नकाशा तयार केला. गेजेर गावाजवळ १८७४ मध्ये क्लेरमाँ-गानो ह्या फ्रेंच विद्वानास गावाची सीमा दाखविणारा इब्री अक्षरांचा खडक सापडला व नंतर तसे आणखीही सापडले. ते लेख यहोशवाच्या पुष्कळ नंतरचे आहेत. तथापि दगडाने सीमा दाखविण्याची चाल तेथे किती दृढ होती हे त्यांवरून कळते. विद्वानांचे असेही मत आहे की, यहोशवाच्या पुस्तकातील गावांच्या काही याद्या पुढील राजांच्या काळच्या दप्तरांवरून तयार झाल्या असाव्यात.

आता वाटपातील चार प्रसंग पाहू. पहिला प्रसंग कालेबाचा. यहोशवाचा तो जुना सोबती आता ८५ वर्षांचा झाला होता. ४५ वर्षांपूर्वी मिळालेल्या वचनाची आठवण देऊन त्याने हेब्रोनचा डोंगराळ मुलूख मागितला. तेथे धिप्पाड अनाकी लोक राहत होते, म्हणजे इतरांनी जो भाग नको म्हटला असता तोच ह्या म्हाताऱ्याने पसंत केला. यहोशवाने त्यास आशीर्वाद देऊन तो दिला.

दुसरा प्रसंग सलाफहादाच्या मुलींचा. हा पुरुष मनश्शे वंशातील असून त्यास पुत्र नव्हता. महला, नोआ, होग्ला, मिल्का व तिरसा अशा पाच मुलीच होत्या. पुत्र नाही म्हणून आपल्या बापाचे नाव वंशातून का नाहीसे व्हावे, असा प्रश्न त्यांनी मोशेच्या हयातीतच सर्व सभेसमक्ष विचारिला होता व त्यांचे म्हणणे न्याय्य ठरले होते. मोशे आता नव्हता. नवा अधिकारी जुन्या अधिकाऱ्याचे वचन विसरतो, हा जगाचा अनुभव आहे. त्या मुली एलाजार व यहोशवा ह्यांच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या आणि यहोशवाने त्यांस त्यांच्या चुलत्यांबरोबर वाटा दिला. आमच्या शाळेत शिकणाऱ्या मुलींनी ही पाच नावे अवश्य लक्षात ठेवावी.

तिसरा प्रसंग यहोशवाच्या परीक्षेचा होता. एफ्राईम व मनश्शे ह्या योसेफाच्या दोन घराण्यांचे लोक त्याच्याकडे तक्रार घेऊन आले. आम्ही संख्येने मोठे असता आम्हांस एकच वाटा का, असे त्यांचे म्हणणे. यहोशवा स्वतः एफ्राईमी. म्हणजे तक्रार करणारे त्याचे भाऊबंदच होते. त्यांची अपेक्षा काय असेल हे सांगावयास नको. परंतु त्याने शेजारच्या वंशाचा वीतभरही भाग कापून त्यांस दिला नाही. तुम्ही मोठे आहा तर डोंगरावरील रान तोडा आणि तेथे राहा, असे त्याने त्यांस सुनावले. खोऱ्यातील कनानी लोकांपाशी लोखंडी रथ आहेत ही त्यांची सबबही त्याने ऐकिली नाही. आपल्या माणसाला श्रमाची वाट दाखविणे व दुसऱ्याच्या हक्कास हात न लावणे, ह्यातच त्याचा न्याय दिसून आला. ह्याच्या उलट, यहूदा वंशाचा भाग गरजेहून अधिक असल्याचे आढळले तेव्हा त्यातून शिमोन वंशास वाटा देण्यात आला. वाटणी झाली म्हणून चूक तशीच ठेवावी असे त्यांनी मानिले नाही.

चौथा प्रसंग शिलो येथील. सात वंश अजून भूमीविना होते व आळसाने स्वस्थ बसले होते. यहोशवाने त्यांस दोष देऊन प्रत्येक वंशातून तीन तीन पुरुष निवडविले. त्यांनी देशभर फिरून, गावे पाहून, सात भागांचे वर्णन एका पुस्तकात लिहून आणिले. मग दर्शनमंडपाच्या दाराशी, परमेश्वरासमोर व सर्वांच्या देखत, चिठ्ठ्या टाकण्यात आल्या. प्रथम प्रत्यक्ष पाहणी, नंतर लेखी नोंद, शेवटी उघड वाटणी असा हा क्रम. ह्यांपैकी एकही पायरी गाळली तर जमिनीच्या कामात तंटा उद्भवतो, हे गावोगावच्या पालकांस आम्ही सांगावे असे नाही.

सर्वांचे वाटे झाल्यावर, अगदी शेवटी, लोकांनी यहोशवास त्याच्या मागणीप्रमाणे एक गाव दिले. एफ्राईमाच्या डोंगराळ प्रदेशातील तिम्नाथ-सेरह हे ते गाव. ज्याने मनात आणिले असते तर यरीहोजवळची खजुरीची बने किंवा सुपीक खोरी घेतली असती, त्याने डोंगरावरील एक गाव मागितले, तेही सर्वांच्या मागून. आणि ते बांधून त्यात तो राहिला. आम्हांस वाटते की, ह्या एका वाक्यात त्याचे सर्व चरित्र येते. रेघ ओढण्याचा अधिकार ज्याच्या हाती असतो त्याने त्या रेघेपासून स्वतःचा लाभ करून घेऊ नये. आणि घेणे भागच असेल तर सर्वांच्या शेवटी घ्यावे.

ह्यानंतर नकळत मनुष्यवध झालेल्यास सूडापासून आसरा मिळावा म्हणून सहा आश्रयाची नगरे नेमिली गेली व ज्या लेवी वंशास भूमीचा वाटा नव्हता त्यास ४८ नगरे देण्यात आली. पूर्वेकडील वंश परत जाताना त्यांनी यार्देनेजवळ मोठी वेदी बांधली, तेव्हा पश्चिमेकडील लोक युद्धास सिद्ध झाले. परंतु आधी दूत पाठवून विचारपूस केली. नदी मध्ये आहे म्हणून पुढे तुमच्या मुलांनी आमच्या मुलांस परके म्हणू नये, एवढ्यासाठीच ही साक्षीची वेदी आहे, असे उत्तर मिळाले व तंटा मिटला. सीमा वाटे वेगळे करिते, पण तिने मने वेगळी करू नयेत, हा त्या वेदीचा अर्थ. पुढे यहोशवाने शखेम येथे सर्व वंशांस जमवून करार केला, एला वृक्षाखाली मोठी धोंड साक्षीसाठी उभी केली आणि ११० वर्षांचा होऊन तो मरण पावला. त्यास तिम्नाथ-सेरह येथेच पुरण्यात आले.

त्याच्या सीमा पुढे टिकल्या काय? फार काळ टिकल्या नाहीत. दान वंशाला आपला भाग राखता आला नाही व तो उत्तरेस जाऊन वसला. शलमोनाने राज्याचे १२ विभाग केले ते सर्वस्वी वंशांच्या सीमांप्रमाणे नव्हते. अहाब राजास नाबोथाचा द्राक्षमळा हवासा वाटला. वडिलांचे वतन विकणार नाही असे नाबोथ म्हणाला, तेव्हा खोटे साक्षीदार उभे करून त्याचा जीव घेण्यात आला. शेताला शेत जोडणाऱ्या धनवंतांस यशया व मीखा ह्या संदेष्ट्यांनी कडक शब्दांत दोष दिला. ख्रिस्तपूर्व ७२२ च्या सुमारास अश्शूरांनी उत्तरेचे राज्य व ५८६ च्या सुमारास बाबेलवाल्यांनी यरुशलेम नष्ट केले. रेघा पुसल्या गेल्या. परंतु शेजाऱ्याच्या सीमेची खूण सारू नये व पोरक्याच्या शेतात शिरू नये, हे नियमशास्त्राचे व नीतिसूत्रांचे सांगणे पुसले गेले नाही.

मग आज त्या जुन्या सीमांचा अर्थ काय? कोणी त्या याद्या हाती घेऊन आजच्या राष्ट्रांची भूमी मागू लागेल तर आमच्या मते तो त्यांचा दुरुपयोग होईल. आज तेथे जी माणसे राहतात त्यांचे घरदार तीन हजार वर्षांपूर्वीच्या चिठ्ठ्यांनी ठरविता येत नाही. ह्याचे उत्तर शास्त्रातच आहे. बाबेलच्या बंदिवासात यहेज्केल संदेष्ट्याने भूमीच्या नव्या वाटणीचे दर्शन सांगितले. त्यात इस्राएलांत राहून ज्यांस मुलेबाळे झाली अशा परदेशीयांसही देशात जन्मलेल्यांप्रमाणेच वाटा द्यावा असे म्हटले आहे. यहोशवाच्या काळी जो प्रश्न रक्ताने सोडविला गेला, त्याचे अधिक चांगले उत्तर त्याच लोकांच्या संदेष्ट्याने पुढे दिले.

मराठी शास्त्रात ह्या वाट्यास वतन हा शब्द योजिला आहे. आमच्या महाराष्ट्रात वतनाबरोबर गावाची चाकरी जोडलेली असे. कोणाला त्यात मान होता तर कोणाच्या वाट्यास केवळ वेठ आली. ती गाववतने स्वातंत्र्यानंतर कायद्याने संपली, हे योग्यच झाले. परंतु त्या शब्दातील एक अर्थ राखण्याजोगा आहे. वतन हे उपभोगासाठी एकट्यास मिळत नाही, त्यामागे कर्तव्य असते. भूमी परमेश्वराची असून आपण तिच्यावर पाहुणे आहोत, असे लेवीय नियम सांगतो. म्हणूनच पन्नासाव्या योबेल वर्षी विकलेले शेत मूळ घराण्यास परत देण्याची आज्ञा होती.

आमचे बहुतेक विद्यार्थी पुढे कधी ना कधी वाटणी करावयास बसतील. कोणी भावांत शेत वाटील, कोणी तलाठी किंवा मोजणीदार होऊन साखळी धरील, कोणी अधिकारी होऊन गावाची नोंद करील. बांध कोरून मिळविलेली हातभर जमीन पोटास पुरत नाही, मात्र दोन पिढ्यांचे बोलणे बंद करिते, हे त्यांनी आपल्या आसपास पाहिलेच असेल. त्या वेळी त्यांनी शिलोच्या दारी उभ्या असलेल्या ह्या वृद्धाची आठवण करावी. आधी पाहावे, मग लिहावे, सर्वांच्या देखत वाटावे, बहिणींचा वाटा विसरू नये, आपल्या माणसाला झुकते माप देऊ नये आणि स्वतःचे गाव सर्वांच्या शेवटी मागावे. असे करणाऱ्याच्या सीमेस भिंतीची गरज पडत नाही. शेजारीच तिची राखण करितो.